टाकीतला दाब रात्रीत उतरला म्हणजे टाकी गळतेच असं नाही: कॉम्प्रेसर, उष्णता, पाणी आणि रेणूंचा मारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं छोटं मशीन शॉप, ५ एचपीचा सिंगल स्टेज पिस्टन कॉम्प्रेसर, २५० लिटरची टाकी. संध्याकाळी सातला ८ बारवर कट-आउट झाला (म्हणजे दाब पुरा होऊन कॉम्प्रेसर आपोआप थांबला), मेन स्विच बंद केला, टाकीच्या आउटलेटचा बॉल व्हॉल्व्हही बंद केला. सकाळी सातला काटा ६.२ वर. मेकॅनिक म्हणतो टाकी गळतेय, बदलून टाका. साबणाचं पाणी सगळ्या जोडांना लावलं तर एक बुडबुडा नाही. जोडीला दोन शंका: जाळ नाही, हिटर नाही, तरी डिलिव्हरी पाईपला हात लावता येत नाही एवढा तो का तापतो? आणि पावसाळ्यात ड्रेन कॉक (टाकीच्या तळाची पाणी काढायची तोटी) उघडला की तांब्याभर पाणी येतं ते कुठून? शिवाय मुलगी अकरावीला आहे, तिच्या पुस्तकात ‘रेणू धावतात म्हणून वायूला दाब असतो’ असं दिलंय, त्याचा या टाकीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि पुरता आहे. पण आधी कामाचं सांगतो: टाकी बदलू नका. तुमच्या १.८ बारपैकी साधारण १.२ बार कुठेही गळालेले नाहीत. उरलेले ०.६ बार गळतायत, पण टाकीच्या पत्र्यातून नव्हे. साबणाला बुडबुडा आला नाही हाच त्याचा पुरावा आहे. कसा, ते पुढे येईल.

सगळा घोळ गेज वाचण्यात होतो. काटा बघून आपण ‘हवा आठ आहे’, ‘हवा सहावर आली’ असं बोलतो, पण गेजला हवा किती आहे ते कळत नाही. त्याच्या आत वाकवलेली पितळी नळी असते. तिच्या आतल्या बाजूवर हवेचे रेणू आपटत राहतात, त्या माऱ्याने ती किंचित उलगडते आणि काटा फिरतो. मारा दोन गोष्टींनी ठरतो: रेणू किती आहेत, आणि ते किती वेगाने आपटतायत. काटा उतरला तर रेणू कमी झाले असतील किंवा तेवढेच राहून मंदावले असतील. नुसत्या काट्यावरून दोन्हींतलं काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. शेजारी तापमान लिहिलेलं हवं.

आकडे डोळ्यासमोर आणू. ८ बारला, ६० अंशांवर तापलेल्या तुमच्या टाकीत वजनाने सव्वादोन किलोच्या थोडी वर हवा असते. रेणू मोजायचे तर ४९ वर २४ शून्यं. टाकीच्या पत्र्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला २४ वर २३ शून्यं इतके फटके बसतात. फटके एवढे असल्यामुळेच काटा थरथरत नाही, सरासरी लागते आणि स्थिर राहते. नायट्रोजनचा रेणू या तापमानाला सेकंदाला सुमारे ५४५ मीटरने धावतो, म्हणजे ताशी १,९०० किलोमीटरच्या वर. अर्थात सरळ कुठेच पोहोचत नाही. एवढ्या गर्दीत मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकं अंतर कापायच्या आत तो दुसऱ्या रेणूवर आदळतो. पण टकरीत वेगाची फक्त देवाणघेवाण होते, एकूण ऊर्जा तेवढीच राहते. म्हणून भिंतीवर बसणाऱ्या माऱ्याचा हिशेब टकरी धरल्या काय, न धरल्या काय, एकच येतो.

आता रात्र. संध्याकाळी कॉम्प्रेसर चालून चालून थांबला तेव्हा टाकीतली हवा ६० अंशांच्या आसपास होती असं मी धरतोय. हा आकडा तुम्ही दिलेला नाही, आणि उत्तराचा बराच भाग यावर अवलंबून आहे. शेवटच्या तासात मशीन सलग चाललं असेल तर ६० च्या वरही असेल, अधूनमधून चाललं असेल तर ४५ सुद्धा असू शकेल. सकाळी शॉपमध्ये २२ अंश धरू. ६० वरून २२ वर येताना नायट्रोजनचा वेग ५४५ वरून ५१३ मीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांनी कमी. मग दाब सहाच टक्के उतरायला हवा ना? नाही. वेग कमी झाला की दोन गोष्टी एकदम होतात. प्रत्येक फटका सहा टक्क्यांनी हलका बसतो, आणि रेणूला भिंतीकडे परत यायला जास्त वेळ लागतो म्हणून फटक्यांची संख्याही सहा टक्क्यांनी घटते. दोन्हींचा गुणाकार होतो. ०.९४ गुणिले ०.९४ म्हणजे ०.८८ च्या आसपास. दाब सव्वाअकरा-साडेअकरा टक्क्यांनी उतरतो. पुस्तकात ‘दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात’ असं जे लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच.

हा हिशेब स्वतः करताना दोन चुका हमखास होतात, म्हणून आधीच सांगतो. पहिली, अंश सेल्सिअसने भागाकार करणे. ८ गुणिले २२ भागिले ६० केलं तर २.९ येतात, आणि माणूस घाबरून टाकी बदलतो. शून्य अंशाला रेणू थांबलेले नसतात, ते थांबण्याच्या जवळ जातात उणे २७३ अंशांना. म्हणून तापमानात २७३ मिळवायचे: ६० चे ३३३, २२ चे २९५. दुसरी चूक, गेजचा आकडा तसाच घेणे. गेजचं शून्य म्हणजे पोकळी नव्हे, ते बाहेरच्या हवेइतकं आहे. नळीवर आतून मारा आहे तसा बाहेरूनही आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे बाहेरचा दाब सुमारे ०.९५ बार धरावा. म्हणजे गेजवरचे ८ बार हे खरे ८.९५.

तर ८.९५ बारमधली साधारण ०.२ बार पाण्याची वाफ आहे, ती बाजूला ठेवू. कोरड्या हवेचे ८.७५ राहिले. त्याला २९५ भागिले ३३३ ने गुणलं की ७.७५. वाफ रात्रीत बहुतेक पाणी होऊन तळाला बसते, तिचे २२ अंशांना ०.०३ बारच उरतात. एकूण ७.७८, त्यातून बाहेरचे ०.९५ वजा, गेजवर ६.८. एक लिटर हवाही कुठे गेली नाही आणि काटा आठवरून पावणेसातच्या किंचित वर येऊन थांबला. तुमच्याकडे ६.२ आहे. खरी गळती या ०.६ बारची.

०.६ बार म्हणजे २५० लिटरच्या टाकीतून बारा तासांत बाहेरच्या दाबाने मोजली तर १५८ लिटर हवा, मिनिटाला पाव लिटरपेक्षा जरा कमी. तुलनेसाठी, ७ बारला १ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साठेक लिटर हवा जाते. तसं भोक असतं तर तुमची टाकी तासाभरात रिकामी दिसली असती. तुमची गळती केसाएवढ्या, ०.०६ मिलिमीटरच्या भोकाइतकी आहे. छोटी वाटते, पण मिनिटाला २२० घनसेंटिमीटर हवा एका जागेतून बाहेर येत असेल तर साबणाचा फुगा आठ-दहा सेकंदांत लिंबाएवढा व्हायला हवा. तो कुठेच आला नाही. म्हणजे हवा तुम्ही साबण लावलेल्या जागेतून जातच नाहीये. आतल्या वाटेने जातेय.

अशा वाटा मोजक्याच. सगळ्यात जास्त संशय एनआरव्हीवर, म्हणजे डिलिव्हरी पाईप टाकीत शिरतो तिथल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर. तो नीट बसत नसेल तर टाकीतली हवा उलटी पाईपमध्ये येते आणि प्रेशर स्विचखालच्या अनलोडरमधून, म्हणजे मशीन थांबल्यावर पाईपमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून, निघून जाते. कॉम्प्रेसर थांबल्यावर स्विचजवळ एक-दोन सेकंद फुस्स होतं ते बरोबरच आहे, हेडमधला दाब मोकळा होतो त्याचा तो आवाज. तो थांबायला हवा. मोठी गळती असेल तर फुस्स चालूच राहतं, पण तुमची इतकी बारीक आहे की शॉपच्या आवाजात ऐकू येणार नाही. कॉम्प्रेसर थांबवून, मेन स्विच काढून, दहा मिनिटांनी अनलोडरची बारीक नळी प्रेशर स्विचच्या बाजूने सोडवा, तिला मऊ नळीचा तुकडा जोडा आणि टोक पेल्यातल्या पाण्यात जेमतेम बुडवा. बुडबुडे सुरू राहिले तर चोर सापडला.

न सापडला तर बॉल व्हॉल्व्ह. बंद दिसतो पण सीट झिजलेली असली की लाइनमध्ये हवा सोडत राहतो, आणि पुढे कुठल्या तरी क्विक कपलरमधून (नळीच्या झटपट जोडातून) ती जाते. लाइनच्या टोकाला हीच पेल्याची परीक्षा करा. मग सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ड्रेन कॉक. इथे बहुतेक लोक आट्यांना साबण लावतात, तोंडाला लावत नाहीत. गळती तोंडातून असते.

एनआरव्ही उघडायचा तर टाकी पूर्ण रिकामी करून, काटा शून्यावर आणून, ड्रेन कॉक उघडा ठेवूनच. आत छोटी डिस्क आणि स्प्रिंग असते. डिस्कवर किंवा सीटवर काळा, कडक कार्बन दिसेल. तो खरवडताना सीटवर ओरखडा काढू नका. चकती खाच पडलेली असेल तर बदला. आणि हा कार्बन आला कुठून? सिलिंडरमधून हवेबरोबर येणारं तेल तापलेल्या डिलिव्हरी पाईपमध्ये जळतं, त्याची खपली होते आणि एनआरव्हीत अडकते. म्हणजे तुमची दुसरी शंका, पाईप का तापतो, ही पहिलीशीच जोडलेली आहे.

तर ते तापणं. इथे पुस्तक आणि कारखाना यांची खरी गाठ पडते, म्हणून जरा थांबू. पुस्तक सांगतं तापवलं की रेणू वेगाने धावतात. तुम्ही विचारता, मी तापवलंच नाही, मग वेग कुणी वाढवला? पिस्टनने. स्थिर भिंतीवर आपटलेला रेणू ज्या वेगाने आला त्याच वेगाने परततो. भिंत अंगावर चालून येत असेल तर तो जास्त वेगाने परततो. शाहू स्टेडियमवर पुढे धावत आलेल्या खेळाडूच्या पायाला लागलेला चेंडू आणि उभ्या खेळाडूच्या पायाला लागून परतलेला चेंडू यात जो फरक, तोच. वाढ किती? पिस्टनच्या वेगाच्या दुप्पट.

आता तुमच्यासारख्या मशीनचे आकडे घालू: स्ट्रोक ६० मिलिमीटर, ९०० आरपीएम. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १.८ मीटर. रेणूसमोर हे काहीच नाही. एका धडकेत त्याला ३.६ मीटरची वाढ मिळते, म्हणजे पिस्टनच्या दिशेचा त्याचा वेग जो तीनशे मीटरच्या आसपास असतो, त्याच्या सव्वा टक्का. पण दाबायचा स्ट्रोक ३३ मिलिसेकंद चालतो. तेवढ्या वेळात रेणू पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये निदान ऐंशी फेऱ्या मारतो, आणि जागा कमी होत जाते तशा फेऱ्या वाढत जातात. दर फेरीला थोडी थोडी भर. (मधल्या टकरींमुळे तोच रेणू ऐंशी वेळा पिस्टनला भेटत नाही, पण मिळालेला वेग शेजाऱ्यांत वाटला जातो आणि सरासरी तशीच चढते.) १७३८ मध्ये डॅनिएल बर्नूलीने वायूचं चित्र काढलं ते पिस्टनखाली कोंडलेल्या, धावणाऱ्या कणांचंच होतं. कॉम्प्रेसर म्हणजे ते चित्र मिनिटाला ९०० वेळा चालवणं.

उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही तर ३० अंशांची हवा एका दमात ८ बारला दाबल्यावर ३०० अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात फिन (सिलिंडरवरच्या गार करणाऱ्या पातळ पट्ट्या), फ्लायव्हीलचा वारा आणि सिलिंडरचं लोखंड बरीच उष्णता काढतात, त्यामुळे तेवढी जात नाही, पण तेल जाळायला पुरेशी नक्की जाते. दोन टप्प्यांत दाबलं आणि मध्ये इंटरकूलरमध्ये हवा गार केली तर प्रत्येक टप्प्यात हिशेबाने १४५ अंशांच्या आतच राहते. दिवसभर ८ बारला काम असेल तर टू-स्टेज घ्या असं सांगतात ते यासाठी. तुमचं काम ब्लो गन (बुरा उडवायची हवेची पिचकारी) आणि एखाद्या न्यूमॅटिक चकचं (हवेच्या दाबाने जॉब पकडणाऱ्या चकचं) असेल तर आहे तो सिंगल स्टेज चालेल, फक्त कट-आउट ८ वरून ७ वर आणा. फिनमध्ये तेल आणि बारीक बुरा चिकटून थर बसतो, तो महिन्यातून एकदा ब्रशने काढा. त्या थराखाली फिन असून नसल्यासारखे. तेल कॉम्प्रेसरचंच घाला, इंजिन ऑइल नको.

मशीनची जागाही बघा. उन्हाळ्यात पत्र्याखाली, भिंतीला चिकटून, स्वतःचाच गरम वारा परत ओढणारा कॉम्प्रेसर बऱ्याच शॉपमध्ये दिसतो. ३० ऐवजी ४५ अंशांची हवा आत घेतली तर त्याच सिलिंडरमध्ये पाच टक्के कमी रेणू बसतात. मोटर तेवढीच फिरते, बिल तेवढंच येतं, हवा कमी मिळते. वर कोल्हापूरच्या उंचीमुळे रत्नागिरीच्या मानाने दर स्ट्रोकला सहा टक्के रेणू आधीच कमी असतात. हे दोन्ही धरले तर कॅटलॉगमधला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा मिळते त्याचा) आकडा इथे का मिळत नाही ते कळतं, आणि पिस्टन रिंगला उगाच दोष द्यावा लागत नाही.

उलटी बाजूही बघून घ्या. टाकी भराभर रिकामी केली की ती गार लागते. बाहेर जाणाऱ्या हवेला आत उरलेली हवा ढकलते, म्हणजे आता भिंत मागे सरतेय. रेणू परतताना वेग गमावून परततो. म्हणून भराभर रिकामी केलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबलात तर काटा आपोआप थोडा वर चढलेला दिसेल. कॉम्प्रेसर बंद आहे, हवा आली कुठून, असा प्रश्न पडतो. हवा आली नाही, उरलेले रेणू पत्र्याकडून ऊब घेऊन पुन्हा वेगात आले.

आता पाणी. ‘हवा ओल धरून ठेवते, दाबली की पिळून निघते’ असं सगळे सांगतात. कामाला चालतं, पण कारण ते नव्हे. हवेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून बिरून काही ठेवत नाहीत, जागाच इतकी मोकळी असते की एकमेकांची अडचणही होत नाही. खरी गोष्ट अशी: पाण्याच्या पृष्ठभागावरून काही रेणू सुटून जातात आणि वाफेतले काही त्यावर आदळून परत चिकटतात. सुटण्याचा वेग फक्त तापमानाने ठरतो. परत चिकटण्याचा वेग वाफेचे रेणू किती दाटीने आहेत त्यावर. तुम्ही हवा नऊ-साडेनऊ पट दाबली की तिच्यासोबत आलेली वाफही तेवढीच दाटते. तापलेल्या टाकीत रेणू सुटतातही जोरात, म्हणून वाफ तग धरते. टाकी गार झाली की सुटणं मंदावतं, चिकटणं तेवढंच राहतं, आणि तळाला पाणी साठतं.

जुलै-ऑगस्टमधली आपली हवा, २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, एका घनमीटरमध्ये साधारण १९-२० ग्रॅम वाफ घेऊन येते. ८ बारला दाबून ३० अंशांपर्यंत गार केली तर त्यातले सुमारे ३ ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकतात, बाकीचे १६ ग्रॅम पाणी. तुमचा कॉम्प्रेसर तासाला २४ घनमीटर हवा ओढतो आणि दिवसात सहा तास चालतो असं धरलं तर दोन लिटरच्या वर पाणी झालं. तुम्हाला तांब्याभरच मिळतं कारण उरलेलं गरम हवेबरोबर लाइनमध्ये जातं आणि तिथे गार होऊन एफआरएलच्या (लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरच्या) वाटीत, चकच्या सिलिंडरमध्ये, ब्लो गनमधून जॉबवर पडतं. ताज्या मशीन केलेल्या बीडाच्या कास्टिंगवर सकाळपर्यंत गंज दिसतो त्यात याचाही वाटा असतो. एप्रिलच्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेलाही दिवसाला अर्धा लिटर निघू शकतं, म्हणून ‘उन्हाळ्यात ड्रेन कशाला’ हे बरोबर नाही.

ड्रेन सकाळी, कॉम्प्रेसर सुरू करायच्या आधी करा. त्या वेळी टाकी सगळ्यात गार असते आणि जे पाणी व्हायचं ते झालेलं असतं. पावसाळ्यात दुपारच्या सुट्टीतही एकदा. कॉक पूर्ण उघडू नका, पाव फेरी पुरे. पाणी संपून नुसती हवा आली की बंद. टाकीपासून निघणाऱ्या लाइनला उतार द्या, सर्वात खालच्या टोकाला ड्रेन ठेवा आणि प्रत्येक मशीनचा फाटा मुख्य पाईपच्या वरच्या बाजूने काढा. खालून काढलेला फाटा म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. दोनेक महिने पाणी न काढलेल्या टाकीत पंधरा-वीस लिटर साठतं, तेवढी हवेची जागा जाते, कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होतो आणि तळाचा पत्रा आतून खातो. टाकी बदलायची वेळ खरोखर येते ती अशी.

टाकीच्या मजबुतीबद्दल शंका असेल तर चाचणी पाण्याने, हायड्रॉलिक टेस्टने करून घ्या. जास्तीची हवा भरून कधीही नाही. पाणी भरलेला पत्रा फाटला तर दाब तिथेच संपतो. हवा भरलेला फाटला तर सगळे रेणू शेवटपर्यंत ढकलत राहतात आणि पत्र्याचा तुकडा उडतो.

‘काट्यावरून माल किती ते कळत नाही’ याची दुसरी तऱ्हा वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये दिसते. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये वायूच असतो, त्यामुळे १५० वरून ७५ आला म्हणजे साधारण अर्धा संपला. मिग वेल्डिंगच्या सीओटूमध्ये आत द्रव असतो. २० अंशांना काटा ५७ बारवर असतो आणि द्रव संपेपर्यंत तिथेच राहतो, कारण जेवढे रेणू वापरले तेवढे द्रवातून सुटून येतात. तो वजनानेच मोजायचा. टायरमध्ये नायट्रोजन भरला की तापल्यावर दाब वाढत नाही, हेही हायवेवर ऐकायला मिळतं. एकाच तापमानाला कुठल्याही वायूच्या रेणूची सरासरी ऊर्जा सारखीच असते, हलका रेणू जोरात धावतो, जड हळू, मारा तेवढाच. आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. भरलेला नायट्रोजन कोरडा असतो एवढा फायदा खरा.

आता तुमच्याकडचं तपासणीचं काम. कॉम्प्रेसर बंद केल्यावर लगेचचा आकडा लिहू नका. रात्री दहाला, टाकी गार झाल्यावर, काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून काटा वाचा आणि टाकीच्या रंगवलेल्या भागावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून तापमान घ्या. चकचकीत धातूवर तो चुकीचं दाखवतो. सकाळी सातला तेच पुन्हा. या दाबाला दर १० अंशांमागे पाव बार धरायचा: रात्रीत ४ अंशांनी गार झाली तर ०.१ बारचा फरक चालेल, त्याहून जास्त म्हणजे गळती. साध्या गेजची एक-दोन दशांशाची चूक मनात ठेवा.

मुलीलाही यातच घ्या. एनआरव्ही दुरुस्त झाल्यावर एका संध्याकाळी टाकी गार होत असताना दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि दाब लिहायला सांगा. गेजच्या आकड्यात ०.९५ मिळवायचे, पुस्तकातल्या तक्त्यातून त्या तापमानाचा वाफेचा दाब वजा करायचा, आलेखावर ठिपके मांडायचे आणि रेष मागे वाढवायची. ती उणे २७३ अंशांच्या आसपास शून्य दाबाला टेकायला हवी. गेज जाडाभरडा आहे, वीस-पंचवीस अंशांचा फरक धरून चला. वाफ वजा करायला विसरली तर रेष उणे २३० च्या जवळ टेकेल. आणि आत्ताचे तुमचे दोन आकडे, संध्याकाळचे ८ आणि सकाळचे ६.२, फक्त ०.९५ मिळवून, वाफ वजा न करता मांडले तर ती उणे १३० वरच टेकते. इतक्या अलीकडे टेकली की समजायचं, रेणू नुसते मंदावले नाहीत, त्यातले काही पळालेही आहेत.